पुस्तक मिटा आणि आठवा : अभ्यासाच्या शास्त्राची १४० वर्षे

ऑगस्ट-सप्टेंबर आला की दवाखान्यात डेंग्यू-मलेरियाच्या रुग्णांबरोबर आणखी एक गट दिसू लागतो. बारावीला उत्तम गुण मिळवून नुकतीच कॉलेजात गेलेली मुले-मुली. तक्रारी साधारण सारख्याच असतात : डोके दुखते, झोप लागत नाही, पित्त वाढले आहे, छातीत धडधडते. सोबत आई किंवा वडील असतात आणि त्यांची मागणीही ठरलेली असते : "डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी एखादं टॉनिक लिहून द्या ना."

असाच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दहावी-बारावीला वर्गात पहिल्या पाचांत असणारा. कॉलेजच्या पहिल्या चाचणीत मात्र गणितात ३० पैकी ६. त्यानंतर तो रोज पहाटे तीनपर्यंत जागू लागला आणि पुढच्या चाचणीतही फारसा फरक पडला नाही. त्याला तपासले. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळे ठीक होते. मग मी विचारले, "तू अभ्यास नेमका कसा करतोस, ते मला सांग."

तो जरा गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "वाचतो सर. सोडवलेली उदाहरणं दोन-तीनदा वाचतो. महत्त्वाचं हायलाइट करतो. यूट्यूबवर लेक्चर परत बघतो."

"आणि वही मिटून, न बघता किती उदाहरणं सोडवतोस?"

"तेवढा वेळच उरत नाही सर."

या एका उत्तरात त्याचे निदान होते. ते मला चटकन ओळखता आले, कारण हा आजार मला स्वतःला होऊन गेला आहे.

माझी गोष्ट

मी एमबीबीएसला प्रवेश घेतला तेव्हा पहिले वर्ष दीड वर्षाचे असे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन हे तीन विषय. बारावीपर्यंत एका पुस्तकावर निभावले होते. इथे नुसत्या शरीररचनेचेच तीन खंड समोर आले. मी ते रंगीत पेन्सिलींनी अधोरेखित करत वाचू लागलो. महिनाभरात पाने अशी रंगली की अधोरेखित न केलेली ओळच शोधावी लागे. पहिल्या अंतर्गत परीक्षेत खांद्याजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससची, आकृती काढायला सांगितली. ते पान मी किमान दहा वेळा वाचले होते. पान कोणत्या बाजूला आहे, त्यावर चहाचा डाग कुठे पडला आहे, तेही आठवत होते. आकृती मात्र काही केल्या येईना. मी नापास झालो. आयुष्यात पहिल्यांदाच. घरी पत्र लिहिताना ही बातमी मी गाळली.

आमच्या वसतिगृहात एक वरच्या वर्षाचे दादा होते. त्यांनी मला गच्चीवर नेले, हातात खडूचा तुकडा दिला आणि म्हणाले, "पुस्तक खोलीत राहू दे. जेवढं आठवतंय तेवढं फरशीवर काढ." पहिल्या दिवशी पाच मुळे आणि दोन रेघा जमल्या. खाली जाऊन पुस्तक पाहिले, परत वर आलो. तिसऱ्या दिवशी निम्मी आकृती आली. नंतर आठवड्याने ते पुन्हा म्हणाले, "काढ." आज पस्तीस वर्षांनीही ती आकृती मी कागदावर काढू शकतो.

दादांना हे त्यांच्या वरच्या वर्षाच्या मुलांनी शिकवले होते. त्यामागे शंभर वर्षांचे शास्त्र आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही ते बऱ्याच वर्षांनी कळले. आज त्या शास्त्राची गोष्ट क्रमाने पाहू.

पाटी, परवचा आणि पाठांतर

आधी आपल्या घरातले. वेदपठणाच्या परंपरेत संहिता, पद, क्रम, जटा, घन असे पाठाचे प्रकार आहेत. क्रमपाठात पहिला-दुसरा, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा असे शब्द जोडीने म्हणतात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात. लेखी आधाराविना हजारो मंत्र अक्षरही न बदलता पुढच्या पिढीकडे पोचवायचे, तर आठवणीची अशी अनेक अंगांनी पडताळणी करावीच लागे.

मराठी मुलखातल्या पंतोज्यांच्या शाळांत धुळपाटीवर अक्षरे गिरवली जात. आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरोघरी परवचा होई. त्यात पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही असत. आमच्या आजोबांना वयाच्या ऐंशीव्या वर्षीही सतराची औटकी विचारली तर क्षणात 'साडेएकोणसाठ' असे उत्तर मिळे.

परवच्यात दोन गोष्टी होत्या. एक, समोर पुस्तक नसे. दुसरी, तो रोज होई. या दोन्ही गोष्टी किती मोलाच्या आहेत ते पुढे येईलच. तिसरी गोष्ट मात्र बहुधा नसे, ती म्हणजे अर्थ. म्हणून पुढे नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी घोकंपट्टीवर टीका केली, आणि ती रास्तच होती. पण त्या ओघात 'न बघता म्हणून दाखवणे' हा चांगला भागही आपण घोकंपट्टीबरोबर टाकून दिला.

स्वतःवरच प्रयोग करणारा एबिंगहाउस

हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) हा जर्मन तत्त्वज्ञ. मनाचे मोजमाप करता येते असे सांगणारे फेखनरचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याने ठरवले की स्मृतीही मोजता आली पाहिजे. अडचण अशी की कविता किंवा उतारा पाठ करायला घेतला तर त्यातले काही शब्द आधीच ओळखीचे असतात. म्हणून त्याने दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट बनवले. प्रयोगासाठी माणूस एकच, तो स्वतः. १८७९-८० आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने या अक्षरगटांच्या याद्या घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर वाचल्या, पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. १८८५ मध्ये हे सारे 'स्मृतीविषयी' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात प्रसिद्ध झाले.

मोजण्याची त्याची युक्ती साधी होती. एखादी यादी दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, ते पाहायचे. ही 'बचत' अशी निघाली :

- २० मिनिटांनी : सुमारे ५८ टक्के
- १ तासाने : सुमारे ४४ टक्के
- १ दिवसाने : सुमारे ३४ टक्के
- ६ दिवसांनी : सुमारे २५ टक्के
- ३१ दिवसांनी : सुमारे २१ टक्के

हाच प्रसिद्ध 'विस्मरणाचा वक्र'. नीट पाहा : सगळ्यात मोठी घसरण पहिल्या तासाभरात होते. पुढे ती मंदावते. महिन्याभरानेही बचत शून्य होत नाही. म्हणजे 'सगळं विसरलो' असे आपण म्हणतो तेव्हाही काहीतरी आत शिल्लक असते आणि दुसऱ्यांदा शिकणे सोपे जाते. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला आणि आलेख बराचसा तसाच निघाला.

त्याच पुस्तकातल्या आणखी दोन निष्कर्षांकडे सहसा लक्ष जात नाही. पहिला : एका बैठकीत ६८ वेळा वाचून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा वाचूनही साधले. म्हणजे निम्म्याच्या आसपास श्रमांत तेवढेच फळ. दुसरा : निरर्थक अक्षरांऐवजी कवितेची कडवी पाठ करायला साधारण एक दशांश श्रम पुरले. अर्थ कळला की ओझे इतके हलके होते.

मात्र हे आकडे एका माणसाचे आणि निरर्थक अक्षरांचे आहेत. 'माणूस एका दिवसात ६६ टक्के विसरतो' असे जे वॉट्सॲपवर फिरते, ते म्हणूनच चूक आहे. तुम्हाला समजलेला धडा इतक्या वेगाने पुसला जात नाही.

शेंगदाणा, बांबू आणि परीक्षा

विसरणे मोजून झाले. ते रोखायचे कसे? १९१७ मध्ये अमेरिकेत आर्थर गेट्स याने शाळकरी मुलांना वाचण्याचा वेळ आणि न बघता स्वतःशी म्हणण्याचा वेळ वेगवेगळ्या प्रमाणात वाटून दिला. ज्यांनी निम्म्याहून अधिक वेळ पुस्तक बाजूला ठेवून आठवण्यात घालवला, त्यांना जास्त लक्षात राहिले.

१९३९ मध्ये आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर याने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला. सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांना शेंगदाणा आणि बांबू यांवरचे लेख वाचायला दिले आणि वेगवेगळ्या गटांची चाचणी वेगवेगळ्या दिवशी घेतली, अगदी ६३ दिवसांपर्यंत. वाचल्यावर लगेचच ज्यांची चाचणी झाली, त्यांना कितीतरी आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा बरेच अधिक आठवत होते. परीक्षेने नुसते ज्ञान मोजले जात नव्हते, परीक्षेमुळे ते पक्केही होत होते.

एवढा मोठा पुरावा हाती असून पुढची कित्येक दशके तो शिक्षकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या कामी फारसा आला नाही. परीक्षा म्हटली की निकाल आणि भीती, एवढेच समीकरण डोक्यात राहिले.

२००६ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो विषय पुन्हा वर आणला. त्यांच्या एका प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने चार सत्रे नुसते वाचले. दुसऱ्याने एकच सत्र वाचले आणि तीन सत्रे कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटे झाले : वाचणारे ४० टक्के, आठवून लिहिणारे ६१ टक्के. वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी १४ वेळा वाचला होता, लिहिणाऱ्यांनी तीन-साडेतीन वेळा. आणि आम्हाला जास्त आठवेल, असा अधिक विश्वास होता तो वाचणाऱ्यांनाच!

असे का होते? लग्नात एखादा चेहरा समोर येतो. आपण हसतो, हात जोडतो, कारण चेहरा ओळखीचा असतो. पण नाव विचारले तर जिभेवर येत नाही. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. पुनःपुन्हा वाचल्याने पान ओळखीचे होते आणि मेंदू त्या ओळखीलाच 'येतंय' असे समजून बसतो. परीक्षेत मात्र पान समोर नसते. माझ्या चहाच्या डागाचे रहस्य हेच होते.

पाच पायऱ्यांची पद्धत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातल्या तरुणांना विद्यापीठांत झटपट अभ्यासक्रम शिकवले जात. ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन याने त्या अनुभवातून एक पद्धत बसवली आणि १९४६ च्या आपल्या पुस्तकात मांडली. 'एसक्यूथ्रीआर' या नावाने ती ओळखली जाते. तिच्या पाच पायऱ्या अशा :

१. प्रकरणावरून नजर फिरवा : शीर्षके, आकृत्या, शेवटचा सारांश.
२. प्रत्येक शीर्षकाचा प्रश्न करा. 'मूत्रपिंडाचे कार्य' असे असेल तर 'मूत्रपिंड काय करते?'
३. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत वाचा.
४. पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. काही दिवसांनी उजळणी करा.

यातली चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. कारण ती कष्टाची आहे आणि आपल्याला काय येत नाही ते तिथे उघडे पडते.

टपाल खात्याचा धडा

वेळेच्या नियोजनाबद्दलचा मला सर्वांत आवडणारा अभ्यास १९७८ चा, ब्रिटिश टपाल खात्याशी संबंधित आहे. टपालाची वर्गवारी यंत्राने होणार होती आणि त्यासाठी पोस्टमनना कळफलक शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी चार गट केले : रोज एकदा १ तास, रोज दोनदा १ तास, रोज एकदा २ तास आणि रोज दोनदा २ तास.

रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक यायला एकूण सुमारे ३५ तास लागले. रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५० तास. म्हणजे थोडे-थोडे शिकणाऱ्यांचे १५ तास वाचले. गंमत अशी की सर्वांत नाराज तेच होते! दिवस जास्त लागत असल्यामुळे आपण मागे पडतोय असे त्यांना वाटे.

सलग रात्र जागून केलेला अभ्यास 'भारी' वाटतो आणि रोजचा एक तास किरकोळ वाटतो, त्याचे मूळ इथे आहे. या बाबतीत आपल्या वाटण्यावर विसंबून चालत नाही.

साधारण त्याच सुमारास, १९७२ मध्ये, सेबास्टियन लाइटनर या विज्ञानपत्रकाराने जर्मन भाषेतल्या पुस्तकात एक सोपी पेटी सुचवली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पेटीत काही कप्पे. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि त्याची पाळी उशिरा येते. चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. म्हणजे जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते समोरून हटत नाही. आज मोबाइलवर फ्लॅशकार्डची जी ॲप्स मिळतात, त्यांच्यामागचा विचार हाच. बुटांचे रिकामे खोकेही चालते.

मेंदूत काय घडते?

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर तीव्र अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यात त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवे काही लक्षात राहणे जवळजवळ थांबले. बोलणे, बुद्धी, बालपणच्या आठवणी शाबूत होत्या, मात्र मिनिटांपूर्वी भेटलेली व्यक्ती त्याला नवीन वाटे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून कळले की नवी आठवण पक्की करण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो आणि जुन्या आठवणी हळूहळू मेंदूच्या इतर भागांत मुरत जातात.

दुसरा धागा एरिक कँडेल यांचा, ज्यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्या चेतापेशी मोठ्या आणि मोजक्या असतात. एकदाच उद्दीपन दिले तर तिची 'आठवण' काही मिनिटे टिके. मध्ये अंतर ठेवून पुनःपुन्हा दिले तर ती कित्येक दिवस टिके. पहिल्या प्रकारात पेशींमधल्या जोडांचे बळ तात्पुरते वाढते. दुसऱ्या प्रकारात पेशीतली जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नवे जोडही फुटतात. हे बांधकाम आहे. सिमेंट ओतल्याबरोबर स्लॅबवर उभे राहता येत नाही, तसे इथेही मध्ये वेळ जावाच लागतो.

झोप : अभ्यासाचाच एक भाग

१९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच मुक्कामाला ठेवले. ते दहा निरर्थक अक्षरगट पाठ करत आणि नंतर झोपत किंवा दिवसाची कामे करत. आठ तासांनी विचारले असता झोपलेल्यांना साधारण निम्मे आठवत, जागे असलेल्यांना जेमतेम एखादे. पुढच्या संशोधनाने दाखवले की झोपेचा फायदा इतकाच नाही की त्या वेळात नवा गोंधळ डोक्यात शिरत नाही. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभरातल्या घडामोडींची जणू उजळणी करत असतो आणि त्या पक्क्या होण्यास मदत होते.

म्हणून पहाटे तीनपर्यंत जागणारा मुलगा दोन्हीकडून नुकसान करून घेतो. आज वाचलेले मुरत नाही आणि उद्याच्या तासाला लक्ष लागत नाही. त्यावर उपाय म्हणून तो चहा-कॉफी पितो. कॅफीन हे मेंदूतल्या ॲडेनोसिन या झोपेची जाणीव करून देणाऱ्या द्रव्याची जागा अडवते. झोपेची उधारी त्याने फिटत नाही, फक्त सावकाराचा आवाज काही तास ऐकू येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, पित्त, धडधड घेऊन तो माझ्या दवाखान्यात येतो.

टोमॅटोचे घड्याळ आणि चुकणारे अंदाज

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटलीतल्या विद्यार्थ्याचा अभ्यास काही केल्या होईना. त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टायमर घेतले आणि तेवढा वेळ तरी मन लावून बसायचे असे ठरवले. त्यातून २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसली. इटालियनमध्ये टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, तेच तिचे नाव पडले. २५ या आकड्यात जादू नाही. कोणाला ४० जमतील. खरा फायदा असा की सुरुवात करणे सोपे जाते आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला निमित्त मिळते.

आता वेळापत्रकाबद्दल. आपले अंदाज हमखास चुकतात. डॅनियल कानमन आणि एमस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिले. १९९४ मध्ये कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर होते सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. 'सगळंच बिघडलं तर?' असे विचारल्यावर त्यांनी दिलेला अंदाजही खऱ्या वेळेपेक्षा कमीच निघाला. तेव्हा 'दोन तासांत होईल' असे वाटले तर तीन धरा आणि आठवड्यात एक संध्याकाळ कोरी ठेवा, घसरलेले काम भरून काढायला.

काय टाकून द्यावे?

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा पुरावा तपासला. सर्वांत वरची श्रेणी दोघींनाच मिळाली : स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे. अधोरेखन आणि पुनर्वाचन ह्या विद्यार्थ्यांच्या लाडक्या पद्धती तळाला होत्या.

तसेच 'माझा मुलगा बघून शिकणारा आहे, मुलगी ऐकून शिकणारी आहे' असे पालक सांगतात. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी याचा धांडोळा घेतला. त्या-त्या मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने त्याला जास्त येते, याला पुरेसा आधार सापडला नाही. भूगोल नकाशावरच कळतो आणि उच्चार कानानेच, मग मूल कोणतेही असो.

मी त्या मुलाला काय लिहून दिले?

माझ्या नेहमीच्या कागदावरच लिहून दिले, म्हणजे वडिलांचेही समाधान झाले :

- कॉलेजातून आल्यावर त्या दिवशीच्या प्रत्येक तासासाठी १० मिनिटे. वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग वही उघडून चुका लाल पेनने भरायच्या.
- तोच विषय दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने असाच तपासायचा.
- गणितात सोडवलेले उदाहरण एकदा समजून घ्यायचे. नंतरची सगळी उदाहरणे स्वतः सोडवायची. अडले तरी निदान १० मिनिटे उत्तराकडे पाहायचे नाही.
- एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्याऐवजी तीन प्रकरणांतली मिसळून घ्यायची. परीक्षेत कोणता प्रकार आहे ते सांगायला कोणी नसते.
- रात्री साडेअकराला दिवा बंद. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नाही.
- रोज अर्धा तास चालणे किंवा खेळणे.
- टॉनिक नाही.

शेवटची ओळ वाचून वडील म्हणाले, "आणि औषध?" मी म्हणालो, "हेच औषध आहे. फक्त ते त्याला स्वतःला तयार करावं लागेल."

दोन आठवड्यांनी मुलगा एकटाच आला. कुरकुरत होता. "सर, कागदावर काही आठवतच नाही. आधी निदान येतंय असं वाटायचं." मी त्याला पोस्टमनची गोष्ट सांगितली. सत्र संपल्यावर त्याचा फोन आला. चार विषय सुटले होते, गणित राहिले होते. पण आवाजात पूर्वीची घबराट नव्हती. "कुठे अडतंय ते आता कळतं सर," म्हणाला. पुढच्या प्रयत्नात गणितही सुटले.

पालकांसाठी दोन शब्द

प्रत्येक वेळी प्रश्न अभ्यासाच्या पद्धतीचाच असतो असे नाही. दोन-तीन आठवडे झोप आणि भूक हरवली असेल, मूल मित्रांपासून तुटले असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील किंवा 'मी नसलेलाच बरा' असे शब्द तोंडून निघत असतील, तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस' ही सरकारची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. अशा वेळी उपदेश करू नये. जवळ बसावे आणि ऐकावे.

आणि निकाल वाईट लागला तर 'तू अभ्यास केला नाहीस' असे म्हणण्याआधी 'तू अभ्यास कसा केलास?' हे विचारून पाहा. त्या पहिल्या वर्षी घरी पत्र लिहिताना नापासाची बातमी मी गाळली, ती बोलणी बसतील या भीतीने. हा साधा प्रश्न कोणी विचारला असता, तर मी ती लिहिली असती.